माझी खोकल्यावरची कारकीर्द

सिनेमासाठी माझी निवड माझ्या चेहऱ्याने केली नाही, आवाजाने केली नाही, आणि अभिनयाने तर नाहीच नाही. माझी निवड कपड्यांनी केली.

माझी आत्या एका स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे मी तिच्याकडे वाढले आणि शाळा संपल्यावर तिच्याच हाताखाली इस्त्रीला लागले. कपडेपट म्हणजे स्टुडिओच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखालची एक लांबट खोली. एका भिंतीला राण्यांचे झगे, दुसऱ्या भिंतीला भिकाऱ्यांच्या चिंध्या, आणि मधल्या टेबलापाशी मी. कामात मी चोख होते, जरा जास्तच. एकदा दुष्काळाच्या प्रसंगासाठी ठेवलेले फाटके कपडेसुद्धा मी झकास इस्त्री करून पाठवले. कॅमेऱ्यापुढे कडक घडीचे उपाशी लोक उभे राहिलेले पाहून दिग्दर्शकांनी सगळ्यांना आधी मातीत लोळायला लावलं. त्या दिवसापासून स्टुडिओत माझं नाव ‘इस्त्री’ पडलं. पुढे माझा अभिनय पाहून लोकांना ते नाव अधिकच पटलं.

त्या काळात आमच्या स्टुडिओत एक फार मोठी नटी होती. सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे. बाईंना कपड्यांचं माप द्यायला वेळ नसे, आणि माझा बांधा योगायोगाने त्यांच्यासारखा. तेव्हा आत्या त्यांचे झगे माझ्या अंगावर घालून टाचण्या लावायची. मी तासन्‌तास हात पसरून उभी. कधी आळस आला तर टाचणी टोचायची. एका सिनेमासाठी बाईंचे असे खोलीभर कपडे शिवून तयार झाले आणि बाई लग्न करून दूरदेशी निघून गेल्या. निर्मात्यांनी डोकं धरलं. दुसरी नटी आणली तर तिला झगे खांद्यात तंग. तिसरी आणली तर ती त्यात हरवून जाई. शेवटी त्यांनी आत्याला बोलावून सगळे कपडे उसवून परत शिवायला सांगितलं. ती म्हणाली, “न उसवता हे कपडे एकीला बसतात. ती आत्ता इस्त्री करते आहे.”

अशी मी नायिका झाले.

सिनेमा एका श्रीमंत मुलीचा होता. ती जहाजाच्या कप्तानाच्या प्रेमात पडते, तो समुद्रावर जातो, ती खिडकीत उभी राहून रडते. प्रेमात पडणं मला जमलं नाही, कारण कप्तानाचं काम करणारा नट टाचा उंच केलेले बूट घालायचा आणि तो पडेल की काय याचीच मला काळजी. जिन्यावरून धावत उतरणं जमलं नाही, कारण झग्याची घडी मोडेल म्हणून मी तो दोन्ही हातांनी वर धरायचे. रडणं तर मुळीच जमलं नाही. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं की पाणी यायचं भरपूर, पण खालचा चेहरा जिथल्या तिथे. छत गळतंय आणि घरातल्यांना पत्ताच नाही, असा सगळा देखावा. मेकअपदादा मोठे प्रेमळ गृहस्थ. ते म्हणाले की पोरी, थोडी हनुवटी तरी हलव. मी हनुवटी हलवली. दिग्दर्शकांनी विचारलं, काही खातेस का.

सिनेमा आला तसा गेला. एका वर्तमानपत्राने लिहिलं की नायिकेचे कपडे अप्रतिम आहेत. आत्याने ते कात्रण चौकटीत बसवून शिवणयंत्राच्या वर टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागली. मी इस्त्रीच्या टेबलापाशी परत गेले. मला खोटं बोलवत नाही, तेव्हा सांगते, जरा बरंच वाटलं. इस्त्री तापली की कळतं, न तापली की कळतं. अभिनयाचं तसं काही कळत नव्हतं.

पुढल्या हिवाळ्यात मला सर्दी झाली आणि माझं नशीब उघडलं.

शेजारच्या सेटवर एका कौटुंबिक सिनेमाचं काम चाललं होतं. त्यात आजारी आईचं काम करणाऱ्या बाईंनी आपल्या मुलाचं काम करणाऱ्या नायकाला पहिल्यांदाच उजेडात पाहिलं. नायकाचं वय चाळिशीच्या पलीकडे, पोट आत ठेवायला आतून पट्टा. हा घोडा माझ्या पोटचा म्हणून मी घेणार नाही, असं म्हणून त्या बाई घरी गेल्या त्या गेल्याच. मी तेव्हा सिनेमातल्या आईची शाल पोचवायला सेटवर गेले होते. शाल हातात, नाक लाल, आणि छातीत घरघर. दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, आणि मेकअपदादांना हाक मारली.

आत्या धावत आली. ती कधी मोठ्याने बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. “हिचं अजून लग्न व्हायचंय. एकदा हिला आई केलंत की नवरा मिळणार नाही, आणि सिनेमात परत कुणी मुलगी करणार नाही.”

एकाच प्रसंगाचा प्रश्न आहे, असं दिग्दर्शकांनी तिला समजावलं. मी पंचविशीच्या आत होते. मेकअपदादांनी माझे केस पांढरे केले, कपाळावर पेन्सिलीने सुरकुत्या काढल्या, गाल आत ओढून घ्यायला सांगितले. नायक येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून मला सोडून जाऊ नकोस म्हणून विनवू लागला. माझं एक लांबलचक उत्तर होतं, ते मी पाठ केलं होतं. पण त्याच्या केसांना कसल्यातरी उग्र तेलाचा वास येत होता, तो नाकात गेला आणि मला जी ढास लागली ती थांबेना. मी खोकते आहे, नायक घाबरून माझी पाठ चोळतो आहे, पेन्सिलीच्या सुरकुत्यांवरून खरं पाणी वाहतं आहे, आणि कुणी थांबा म्हणत नाही. शेवटी मी दमून मागे उशीवर पडले. वर मचाणावरचा दिवेवाला डोळे पुसत होता. तो दिव्यांच्या धुरामुळे पुसत होता असं माझं आजही मत आहे, पण त्याने पुढे मरेपर्यंत ते कबूल केलं नाही.

ध्वनिमुद्रण करणारा माणूस एका काचेच्या खोलीत बसायचा. त्याला मी तोवर बोलताना ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी तो कानांवरचं यंत्र गळ्यात अडकवून बाहेर आला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, “तुम्ही बोलता ते खोटं वाटतं. खोकला मात्र खरा आहे.”

मी चिडले. घरी जाऊन आत्याला सांगितलं, तर ती मशीन चालवता चालवता म्हणाली की बरोबरच बोलला. तेव्हा आणखी चिडले. मग सावकाश माझ्या ध्यानात आलं की माझ्यात एक तरी खरी गोष्ट कुणाला सापडली आहे. दोन दिवसांनी तो खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन कपडेपटाच्या दारात उभा राहिला. ती आम्हा दोघांची पहिली भेटवस्तू. औषध घेऊन खोकला गेला तर माझं काम जाईल, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. तरी मी घेतलं. वसंतात आम्ही लग्न केलं. आत्याचा एक अंदाज असा चुकला. दुसरा चुकला नाही, कारण परत कुणी मला मुलगी केलं नाही.

पुढची वर्षं मी नुसती मरत होते. पलंगावर मेले, जिन्यावर मेले, कोर्टात साक्ष देता देता मेले, एकदा तर रेल्वेच्या फलाटावर मुलाची गाडी वळण घेताना मेले आणि मागून खरा हमाल आला तो मला उठवायला लागला. खोकल्याचे माझ्याकडे प्रकार तयार झाले: काळजीचा, गरिबीचा, पश्चात्तापाचा, आणि मुलगा दारात उभा असतानाचा शेवटचा. मी लवकर मेले की दिग्दर्शक रागवायचे, वेळ लावला की निर्माते. माझ्या पहिल्या सिनेमातला तो कप्तान, ज्याची मी खिडकीत वाट पाहिली होती, तोही यथावकाश माझा मुलगा झाला. उंच टाचांचे बूट तेच होते.

आमची लेक जन्मली तेव्हा मी सिनेमात बऱ्याच मोठ्या पोरांची आई होते. दाढीमिशीवाल्यांना मांडीवर घेण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, पण तीन किलोचं ते गाठोडं हातात आलं आणि माझे हात इस्त्रीच्या टेबलासारखे ताठ झाले. माझ्याकडे आली की ती टाहो फोडायची. बापाकडे गेली की गप्प. आत्याकडे गेली की झोपायची. त्याच महिन्यात एका महिला मंडळाने मला आदर्श मातेचं मानपत्र दिलं. ते स्वीकारायला मी गेले तेव्हा लेक घरी बापाच्या छातीवर झोपली होती. मी घरात पाऊल टाकलं तशी जागी होऊन रडायला लागली.

हळूहळू आमचं जमलं. ती मोठी झाली तशी मी तिला आवडू लागले. निदान सवय झाली. ती सहा वर्षांची असताना मी एक घोडचूक केली. आपली आई काय करते ते पोरीला कळावं म्हणून मी तिला दुपारच्या खेळाला घेऊन गेले. नवरा नको म्हणत होता. मी म्हटलं, अरे, तिला अभिमान वाटेल.

थिएटर भरलेलं होतं. पडद्यावर मी आले तशी लेक खूश झाली, शेजारच्यांना सांगू लागली. मग मी खोकायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग माझा मुलगा पावसातून धावत आला, मी हात वर केला, तो हात खाली पडला, आणि लोकांनी रुमाल काढले. तेवढ्यात माझ्या लेकीने अशी किंकाळी फोडली की थिएटर हादरलं. “आई मेली” म्हणून ती पडद्याकडे धावत सुटली. मी तिच्यामागे. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत, “अगं, मी इथे आहे, मी मेले नाही,” असं ओरडत मी पडद्यापुढे पोचले आणि तिला उचललं. प्रकाशाच्या झोतात आम्ही दोघी उभ्या, आणि आमच्या डोक्यावर भिंतीएवढी मी डोळे मिटून पडलेली. मिनिटापूर्वी हमसून रडणारे लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, अहो, जिवंत झाल्या. थिएटरच्या मालकांनी आम्हाला बाजूच्या दाराने बाहेर काढलं आणि नम्रपणे सांगितलं की यापुढे माझा सिनेमा लागला की कृपया येऊ नका.

मला त्या दिवशी हसू येत होतं. पुढचे कित्येक दिवस आलं नाही. दुपारी जरा डोळा लागला की लेक पलंगावर चढायची आणि बोटाने माझी पापणी उचलून पाहायची. एकदा मी तिला जवळ घेऊन समजावलं की ते सगळं खोटंखोटं असतं. तिने नीट ऐकून घेतलं.

“मग खोटंखोटं जग ना,” ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी कामावर जाऊन सांगितलं की यापुढे मी मरणार नाही. आई करीन, आजारी पडेन, हवा तेवढा खोकेन, पण शेवटी बरी होईन. एका निर्मात्यांनी मला अतिशय सहानुभूतीने विचारलं की बाई, तुम्ही मेला नाहीत तर लोक घरी कसे जातील. दुसऱ्यांनी मधला तोडगा काढला: मी बेशुद्ध पडायचं आणि पुढचं पडद्यावर दाखवायचं नाही. मी त्यालाही नाही म्हटलं. मग बोलावणी बंद झाली. कपडेपटात इस्त्रीचं टेबल होतंच. तिथल्या नव्या मुली मला आदराने मावशी म्हणायच्या आणि मी इस्त्री हळू करते म्हणून पाठीमागे हसायच्या.

त्याच वर्षी आत्या आजारी पडली. दवाखान्यातल्या पलंगाशेजारी बसताना मला वाटलं होतं, ही जागा आपल्या ओळखीची आहे. आयुष्य याच पलंगांवर काढलं. पण पलंगाची ती बाजू वेगळी होती. उशीला टेकून मी काय काय बोलले होते! शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसल्यावर एक वाक्य सुचेना. आत्यालाही असं काही मोठं बोलायचं नव्हतं. खिडकीच्या पडद्याला टीप चुकीची घातली आहे, असं ती नर्सला सांगायची. मला सांगायची की खांदे पाडून बसू नकोस, झगा बसत नाही. एका सकाळी तिने मला चहा पिऊन यायला पाठवलं. मी खाली गेले, रांगेत उभी राहिले, चहा घेतला, गरम होता म्हणून फुंकून प्याले. परत आले तोवर ती गेली होती. पडद्यावरच्या माझ्या सगळ्या मुलांना मी वेळेवर पोचवलं होतं. कितीही पाऊस असो, गाडी चुको, मी त्यांच्यासाठी थांबत असे. आत्या थांबली नाही. ती कुठल्याच कामात वेळ काढत नसे.

त्यानंतर काही महिन्यांनी एक तरुण दिग्दर्शक घरी आला. तो पूर्वी माझ्या मरणांच्या वेळी कॅमेऱ्यापुढे क्लॅपची पाटी धरून उभा असायचा. तुम्ही मरायला नकार देता असं ऐकलं, म्हणून आलो, असं त्याने सांगितलं. त्याच्या गोष्टीतली म्हातारी दर थोड्या दिवसांनी शेवटचे श्वास घेते, मुलांना लांबून बोलावून घेते, सगळ्यांना क्षमा करते, आणि सकाळी उठून चहा मागते. मुलं हैराण. मला ते विनोदी काम आहे हे कळलंच नाही. किंवा कळलं असेल, पण विनोद करायचा कसा हे ठाऊक नव्हतं. तेव्हा मी नेहमीसारखीच मरू लागले, मन लावून, चारही प्रकारचे खोकले वापरून. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे तोंडात रुमाल कोंबून बसायचा. मला वाटायचं, पोरगा हळवा आहे.

पहिल्या खेळाला मी, नवरा आणि लेक मागच्या रांगेत बसलो. थिएटरचे मालक दुसरे होते, म्हणून आत सोडलं. पडद्यावर मी पहिल्यांदा हात वर केला आणि लोक हसले. इतकी वर्षं हसू दाबून बसले होते, आज सुटले, असं वाटलं. दुसऱ्यांदा हसले तेव्हा मी पिशवी उचलून उठायला लागले. नवऱ्याने माझा हात धरून मला खाली बसवलं. तो अंधारात डोळे मिटून, मान तिरकी करून बसला होता, काचेच्या खोलीत बसायचा तसा.

“हे चेष्टेचं हसणं नाही,” तो म्हणाला. “नीट ऐक.”

मी ऐकलं. मला फरक कळला नाही, पण त्याला कळला होता. लेक तर खुर्चीवर उभी राहून हसत होती. सिनेमा इतका चालला की लोक मला रस्त्यात थांबवून तब्येत विचारायचे आणि मी बरी आहे म्हटलं की हसत सुटायचे. एका समीक्षकाने लिहिलं की निर्विकार चेहऱ्याने विनोद करण्याची अशी साधना दुर्मीळ आहे. साधना कसली! चेहरा मुळातच हलत नव्हता. त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. सासू केली, शेजारीण केली, एकदा न्यायाधीश केली. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मी थांबले. कुणी निरोप समारंभ वगैरे केला नाही. मीच एक दिवस सकाळी गेले नाही, आणि दुपारपर्यंत कुणी चौकशीही केली नाही, तेव्हा समजले की झालं.

आता नवऱ्याला ऐकू येईनासं झालं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचा श्वास टिपणारा माणूस, आता दाराची घंटा वाजली की मी त्याला हाताने खूण करून सांगते. मागच्या महिन्यात त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. बाहेर बाकांवर बरीच गर्दी. समोरच्या बाकावरचा एक टकलू, चांगला जाडजूड गृहस्थ माझ्याकडे टक लावून पाहत होता. शेवटी उठून शेजारी येऊन बसला. त्याने सांगितलं की तो शाळेत असताना त्याची आई गेली, आणि त्या वर्षी माझा एक सिनेमा लागला होता. घरी न सांगता तो रोज जाऊन बसायचा. त्यात एका प्रसंगात मी माझ्या मुलाला उशिरा घरी आल्याबद्दल रागवते, तेवढं पाहून तो उठून जायचा. पुढे मी मरते तिथपर्यंत थांबायचा नाही. मग इकडेतिकडे पाहत, आवाज बारीक करून त्याने विचारलं, ते रागावणं आज ऐकायला मिळेल का.

मला तो सिनेमाच आठवेना. कुठला मुलगा, कुठून उशिरा आला, काय म्हणाले होते मी? त्याच्याकडे पाहिलं. शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, हातात रिपोर्टांची पिशवी, आणि चेहऱ्यावर शाळेतल्या पोराची आशा. मी म्हटलं, “बटणं तुटायला आली आहेत, दिसत नाही का? जिना चढताना दम लागत असेल. बरोबर कुणाला आणायचं नाही, एकट्याने यायचं, आणि वर मुकाट्याने बसून राहायचं. घरी गेल्यावर आधी नीट जेव, पण निम्मं जेव.”

तो मान खाली घालून ऐकत होता. हो म्हणाला. मग त्याचं नाव पुकारलं गेलं, तो उठला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि आत गेला.

नवऱ्याने हे सगळं नुसतं पाहिलं होतं. तो मोठ्याने, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं, विचारायला लागला की कोण होता, काय म्हणाला. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. अर्धंच त्याला कळलं असावं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “खोकलीस का?”

मी नाही म्हटलं. तो जरा नाराज झाला.